दुखत नसताना काढलेली दाढ

माझ्या खालच्या जबड्यातील डावी अक्कलदाढ १३ फेब्रुवारीला, शुक्रवारी, शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. ती पहिल्यांदा दुखली होती मागच्या पोळ्याच्या सुमारास. पहिल्या ठणक्यापासून दाढ निघेपर्यंत जवळजवळ सहा महिने गेले आणि त्यांतले निदान तीन महिने केवळ माझ्या चालढकलीत गेले. अशी अडकलेली दाढ ठणकत असताना डॉक्टर सहसा ती काढत नाहीत, आधी सूज उतरू देतात. आणि सूज उतरली की दुखणे थांबते आणि आपण दाढ विसरून जातो. या फेऱ्यात मी दोनदा सापडले आणि त्याची झळ शेजारच्या चांगल्या दाढेला बसली. नागपुरात किंवा आसपास कोणी सध्या याच अवस्थेत असेल, तर त्यांना पुढचा रस्ता थोडा ओळखीचा वाटावा म्हणून तारखा, खर्च आणि रांगा यांच्यासह सगळे लिहून ठेवते आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, मारबतीची मिरवणूक पाहायला आम्ही दरवर्षी इतवारीत आईकडे जमतो. सकाळी उठले तेव्हा डावा जबडा जड वाटत होता. दुपारी आदल्या दिवशीची पुरणपोळी खायला बसले, तर तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. गिळताना कानापर्यंत कळ जात होती. आई गॅलरीत माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "म्हण, इडापिडा घेऊन जा गे मारबत. दाढेचं दुखणंही नेईल ती." संध्याकाळी तिने कापसाच्या बोळ्यावर लवंगेचे तेल टाकून दाढेशी धरायला दिले. माझे पती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन आले, आणि दुकानदाराने लक्षणे ऐकून त्यांच्यासोबत अँटिबायोटिकही दिले. ते मी दोन दिवस घेतले आणि बरे वाटताच बंद केले. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेणे आणि अर्ध्यावर सोडणे, या दोन्ही चुका होत्या. पुढे प्रत्येक डॉक्टरांनी "आधी काय घेतलं होतं, किती दिवस?" हे विचारले आणि प्रत्येक वेळी मला औषधाचे नावही सांगता आले नाही. तुम्ही जे काही घ्याल त्याच्या वेष्टनाचा फोटो काढून ठेवा, एवढे तरी आवर्जून करा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घराजवळच्या दंतवैद्यांकडे गेले. तपासणीचे ३०० रुपये आणि एका दाताच्या छोट्या एक्स-रेचे २०० रुपये झाले. त्यांनी आरसा हातात देऊन मला माझीच दाढ दाखवली. शेवटच्या दाढेच्या मागे हिरडीतून दाढेचा जेमतेम एक कोपरा वर आला होता आणि उरलेल्या भागावर हिरडीची एक झालर पसरली होती. त्या झालरीखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, ब्रश तिथे पोहोचत नाही आणि मग हिरडी सुजते. या सुजेला पेरिकोरोनायटिस म्हणतात. डॉक्टरांनी बोथट सुईच्या सिरिंजने झालरीखाली सलाइनचा फवारा मारून ती जागा धुतली, तेव्हा बेसिनमध्ये पांढुरके कण पडले. अर्ध्या तासात जबडा हलका झाला.

"दाढ काढायची का?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी सरळ हो किंवा नाही म्हटले नाही. अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोपर्यंत जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी व्यापलेली असते, म्हणून काहींच्या दाढा तिरप्या होऊन हाडात किंवा हिरडीत अडकतात. पण अडकलेली प्रत्येक दाढ काढलीच पाहिजे असे नाही. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० साली जे निकष घालून दिले, त्यांत निरोगी आणि त्रास न देणारी अडकलेली अक्कलदाढ सरसकट काढू नये असे स्पष्ट म्हटले आहे. पेरिकोरोनायटिसचा पहिला झटका फार तीव्र नसेल, तर तेवढ्यावरून दाढ काढू नये. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर झाला तर काढणे योग्य, असेही त्यात आहे. याखेरीज भरता न येण्याइतकी कीड, दाढेभोवती गाठ किंवा पू, शेजारच्या दाढेचे मूळ झिजणे अशीही कारणे असतात. पुढचे दात वाकडे होतील, एवढ्याच भीतीने अक्कलदाढ काढण्याला आता पुरेसा आधार मानला जात नाही. हे सगळे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. त्या दिवशी डॉक्टर एवढेच म्हणाले, "ताई, हा पहिला झटका आहे. मागचा भाग नीट स्वच्छ ठेवा. पुन्हा झालं तर मात्र थांबू नका. आणि सूज नसताना एकदा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या." मी मान डोलावली आणि तो एक्स-रे काढलाच नाही.

दुसरा झटका नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. दिवसाचे पाच तास बोलणे हेच काम. तीन दिवस मुलांना फळ्यावर लिहून देत ढकलले. या वेळी एका मोठ्या क्लिनिकमध्ये गेले. तिथे माझे तोंड पाच मिनिटे पाहून चारही अक्कलदाढा दोन बैठकांत काढण्याचे १८,००० रुपयांचे पॅकेज सांगण्यात आले. फक्त दुखणारी एक काढली तर ६,५०० रुपये. बाकीच्या तीन का काढायच्या, असे विचारले तेव्हा "पुढे त्रास देतीलच" एवढेच उत्तर मिळाले. मला ते पटले नाही. पण त्या अविश्वासाच्या भरात मी दुखऱ्या दाढेचा प्रश्नही बाजूला ठेवला, आणि ते चुकलेच. गुळण्या केल्या, दुखणे थांबले, डिसेंबर शाळेच्या स्नेहसंमेलनात गेला.

तिसऱ्यांदा कारण अगदी तिळाएवढे होते. १४ जानेवारीला संक्रांतीचे हळदीकुंकू झाले, घरोघरी तिळगूळ खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी डावा गाल बाहेरून दिसण्याइतका सुजला. जबड्याखाली बोराएवढी गाठ हाताला लागत होती. ताप १०० पर्यंत गेला. आता मात्र मी घाबरले. ताप, गिळायला त्रास, गालाची किंवा गळ्याची वाढती सूज आणि तोंड न उघडणे ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये आणि श्वासाला अडथळा वाटला तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे, हे मला नंतर सांगण्यात आले. ते सगळ्यांना आधीच ठाऊक असायला हवे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी शहरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला सुचवले. आई साशंक होती. "शिकाऊ पोरं हात घालतील तुझ्या तोंडात," असे तिचे म्हणणे. तिथली प्रत्यक्ष रचना मी पाहिली ती अशी: इंटर्न तुमची माहिती लिहून घेतात, पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, ज्यांना तिथे सगळे पीजी म्हणतात, तपासतात आणि उपचार करतात, आणि प्रत्येक टप्प्यावर वरिष्ठ प्राध्यापक येऊन पाहतात व केसपेपरवर सही करतात. वेळ जास्त लागतो. पण माझ्या दाढेकडे त्या एका दिवशी तीन जणांनी पाहिले आणि तिघांनीही प्रश्न विचारले.

सोमवार, १९ जानेवारी. घरून मेट्रोने निघाले, सीताबर्डीला गाडी बदलली आणि पावणेनऊला नोंदणीच्या खिडकीवर पोहोचले. माझ्या आधी २३ जण होते. केसपेपरचे २० रुपये. आधार कार्ड, मोबाइल, आधीचा एक्स-रे, चालू असलेल्या औषधांची यादी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पेनही ठेवा, त्या खिडकीवर एकच पेन दोरीला बांधलेले होते आणि रांग त्याच्यासाठीच खोळंबत होती. तिथून मुखरोग व क्ष-किरण विभागात पाठवतात. निदान त्या विभागात होते आणि मग पुढच्या विभागाचे नाव केसपेपरवर लिहून मिळते. थेट शस्त्रक्रिया विभागात जाऊन बसलेल्या दोघांना परत यावे लागले.

बाकावर माझ्या शेजारी चाळिशीचे एक ऑटोचालक बसले होते. त्यांचीही अक्कलदाढ किडली होती, पण काढता येत नव्हती. "मॅडम, माह्या तोंडात दोन बोटं बी धड जात नाही," असे म्हणून त्यांनी दाखवले. वीस वर्षे खर्रा खाल्ल्याने गालांच्या आतली कातडी चामड्यासारखी घट्ट झाली होती. आपल्या विदर्भात घरटी एक खर्रा खाणारा असल्यासारखे वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. खर्ऱ्यात तंबाखूबरोबर असणाऱ्या सुपारीमुळे मुख्यतः होणारा हा आजार कर्करोगाच्या आधीची अवस्था मानला जातो, आणि तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचत नाही. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी त्यांच्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत बसवली आणि विचारले, "काका, आज किती काड्या?" "नऊ." "मागच्या वेळी?" "सात." मग रोज घरी हाच व्यायाम करायचा आणि आठवड्याला एक काडी वाढवायची, असे त्यांना समजावले. मलाही इंटर्नने पहिला प्रश्न हाच विचारला होता, की खर्रा, तंबाखू, गुटखा, सुपारी यांतले काही आहे का.

माझ्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, लिहून दिला. २५० रुपये. कानातले, मंगळसूत्र, केसांच्या पिना सगळे काढून ठेवावे लागते, म्हणून सोबत कोणी नसेल तर दागिने घरीच ठेवून जा. गर्भधारणेची शक्यता आहे का हे विचारतात. हनुवटी टेकवून, समोरच्या दातांत एक पट्टी धरून उभे राहायचे. यंत्र डोक्याभोवती फिरते, पंधरा-वीस सेकंद हलायचे नाही. त्या काळ्यापांढऱ्या चित्रात माझी ३८ क्रमांकाची दाढ, म्हणजे खालची डावी अक्कलदाढ, पुढच्या दाढेवर डोके टेकून झोपल्यासारखी दिसत होती. पीजी डॉक्टरीण बाईंनी पेन्सिलीचे टोक त्या दोघींच्या मधल्या जागेवर ठेवले. ३७ क्रमांकाच्या दाढेच्या मागच्या बाजूला एक काळी खळगी होती. "ही कीड आहे, ताई. अक्कलदाढ इथे टेकलीय, अन्न अडकतं, आणि किडली ती शेजारची. ही तुम्हाला आयुष्यभर लागणारी दाढ आहे." सप्टेंबरच्या छोट्या एक्स-रेत ही खळगी दिसत नव्हती; मी तो सोबत नेला होता आणि त्यांनी दोन्ही शेजारीशेजारी धरून पाहिले. अक्कलदाढ काढायचे माझे खरे कारण मला तिथे, त्या उजेडाच्या चौकटीवर, दिसले.

बाकीच्या तीन दाढांविषयीही मी विचारले, कारण पॅकेजची गोष्ट मनात होती. उजवी खालची सरळ आणि पूर्ण वर आलेली आहे, ब्रश पोहोचतो, म्हणून राहू द्यावी. वरच्या दोन्ही निरोगी आहेत. त्यांतली डावी मात्र खालची जोडीदार गेल्यावर हळूहळू खाली उतरून गालाला किंवा हिरडीला लागू शकते, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायचे. प्रत्येक दाढेसाठी वेगळे उत्तर मिळाले. तुम्हालाही कोणी चारही काढायला सांगितल्या, तर एकेकीचे कारण विचारा.

त्या दिवशी दाढ काढली नाही. हिरडीत पू आणि सूज असताना बधिरतेचे इंजेक्शन नीट लागू पडत नाही, तोंडही पुरेसे उघडत नाही. झालरीखालची जागा धुतली, पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले (या वेळी मी ते पूर्ण घेतले) आणि २७ जानेवारीला परत बोलावले. तोवर सूज पूर्ण उतरली होती. वरिष्ठ डॉक्टरांनी ओपीजी पुन्हा पाहिला आणि म्हणाले की दाढेची मुळे जबड्यातल्या नसेच्या नलिकेवर पडलेली दिसतात. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ओपीजी सपाट चित्र असल्याने मूळ नलिकेला चिकटलेले आहे की केवळ तिच्या पुढून गेले आहे हे त्यात कळत नाही, म्हणून सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन बाहेरच्या केंद्रातून करून आणायला सांगितला. तो २९ तारखेला १,२०० रुपयांत झाला. मूळ आणि नलिका यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा शिल्लक होता. तो नसता तर दाढेचे फक्त डोके कापून मुळे आतच ठेवण्याचाही पर्याय असतो, असे त्यांनी सांगितले. रक्ताच्या तपासण्या आणि साखर मिळून १८० रुपये झाले. शस्त्रक्रियेची तारीख १३ फेब्रुवारी मिळाली.

मधल्या पंधरा दिवसांत मला काहीही दुखत नव्हते आणि तारीख रद्द करावी असे निदान तीनदा मनात आले. आईने नवी भीती घातली, की दाढ काढली की डोळ्यांची नजर कमी होते. हे मी डॉक्टरांना विचारले. दातांना संवेदना देणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी, असे त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावले. तो कागद मी आईला नेऊन दाखवला. विमा कंपनीला ईमेल केला होता, त्याचे उत्तर चार दिवसांनी आले: अपघात सोडून इतर कारणांनी केलेले दातांचे उपचार माझ्या पॉलिसीत वगळलेले आहेत. आपल्या पॉलिसीतले ते पान आधीच वाचून घ्यावे. शाळेत शुक्रवार, शनिवार आणि सोमवार अशा तीन किरकोळ रजांचा अर्ज दिला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी उपाशी जायचे नाही, हे मला आधीच सांगितले होते. फक्त जागा बधिर करून काम होते, तेव्हा पोटात काहीतरी हवे. मी दूधपोळी खाऊन निघाले. आधी रक्तदाब पाहिला, मग संमतीपत्र. ते इंग्रजीत होते. मी मराठीत समजावून मागितले आणि डॉक्टरीण बाईंनी प्रत्येक ओळ वाचून सांगितली: सूज, रक्तस्राव, संसर्ग, तोंड कमी उघडणे आणि ओठ, हनुवटी किंवा जीभ यांचा बधिरपणा, जो बहुतेक वेळा तात्पुरता असतो पण क्वचित कायम राहू शकतो. सही करताना हात थरथरला, हे खरे आहे.

इंजेक्शन हाच काय तो दुखण्याचा भाग. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुई जाताना खोल दाब आणि एक तीव्र टोचणी, मग दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ सुन्न. त्यांनी टोकदार हत्याराने दोन्ही बाजूंना टोचून विचारले. उजवीकडे कळले, डावीकडे फक्त कोणीतरी स्पर्श करते आहे एवढेच. चेहऱ्यावर हिरवे कापड, मध्ये तोंडापुरते छिद्र. मी डोळे मिटून घेतले. हिरडीला छेद, मग हाड कोरणाऱ्या यंत्राचा आवाज, सोबत सतत सलाइनचे पाणी. जबडा खाली दाबला जातो, म्हणून सिस्टर हनुवटीला खालून हात लावून उभ्या होत्या. त्या हाताचा मला फार आधार वाटला. दुखले तर डावा हात वर करा असे सांगितले होते. एकदा केला. लगेच थांबून त्यांनी आणखी थोडे औषध दिले. मग कवठ फुटावे तसा एक कट्ट आवाज डोक्यात घुमला. दाढेचे डोके मुळांपासून वेगळे केले होते. आधी डोके निघाले, मग मुळे. काळ्या रेशमाचे तीन टाके पडले. एकूण ४५ मिनिटे लागली आणि शस्त्रक्रियेचे १,५०० रुपये झाले. दोन तुकड्यांतली ती दाढ मला दाखवली. मुळांची टोके मागच्या बाजूला आकड्यासारखी वळलेली होती.

कापसाची घडी तासभर दातांत घट्ट धरायची, थुंकायचे नाही, लाळ गिळायची. थुंकल्याने, चूळ भरल्याने आणि ओढून पिण्याने खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटते, आणि ती गुठळी म्हणजेच जखमेवरचे झाकण असते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दहा मिनिटे लावायचा, दहा मिनिटे थांबायचे. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या २४ तासांनंतर, त्याही जोर न लावता. वेदनाशामकाची पहिली गोळी बधिरपणा उतरण्याच्या आत घ्यायची. मी ती मेट्रोत बसण्याआधी घेतली. ऑटोपेक्षा मेट्रोने परत जा, खड्ड्यांचे धक्के लागत नाहीत. औषधांचे ६४० रुपये झाले. पहिली रात्र मी दोन उशांवर डोके उंच ठेवून काढली आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळ बरी गेली.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे ठाऊक नसते तर मी रविवारी पुन्हा धावले असते. त्या दिवशी महाशिवरात्र होती. सासूबाईंनी भगर पातळ शिजवून ताकात कालवून दिली, तीच दिवसभर खाल्ली. दुपारी माझ्या पुतण्याने संत्र्यांचा रस काढून आणला. मृग बहाराची संत्री नुकतीच बाजारात आली होती. ग्लासात स्ट्रॉ होती, आणि तोंड कमी उघडत असल्याने मला ती सोयीची वाटली. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर मला आठवले.

सोमवारी रात्री कानाच्या आतून, कानशिलापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला, वेदनाशामकाने न ऐकणारा, आणि तोंडाला वाईट वास. मंगळवारी, १७ तारखेला, परत रुग्णालयात गेले. गुठळी निघून हाड उघडे पडले होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. स्ट्रॉमुळेच झाले का, असे मी विचारले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की नक्की सांगता येत नाही, हाड कोरून काढलेल्या खालच्या दाढेला ते तसेही होऊ शकते. त्यांनी खड्डा सलाइनने धुतला आणि औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली. तोंडात लवंगेचा वास पसरला, आईच्या कापसाच्या बोळ्याचा तोच वास. लवंगेतलेच युजेनॉल त्या पट्टीत असते. पंधरा मिनिटांत ठणका ओसरला आणि मला तिथेच खुर्चीत रडू आले, इतकी सुटका वाटली. गुरुवारी शिवजयंतीची सुट्टी असल्याने पट्टी शुक्रवारी, २० तारखेला, टाके काढताना बदलली. दोन्ही वेळचे मिळून १०० रुपये. शस्त्रक्रियेची तारीख घेताना पुढच्या दहा दिवसांतल्या सुट्ट्या पाहून घ्या.

तीन किरकोळ रजा पुरल्या नाहीत, त्यामुळे मंगळवारपासून वैद्यकीय रजा टाकावी लागली. शाळेच्या कार्यालयाने आजारपणाचे आणि रुजू होण्यास पात्र असल्याचे अशी दोन वेगळी प्रमाणपत्रे मागितली. रुग्णालयात प्रमाणपत्राचा शिक्का दुपारी एकपर्यंतच मिळतो, हे मला सव्वाला कळले आणि शनिवारची एक फेरी वाढली. टाके काढायला जाल त्याच दिवशी सकाळीच दोन्ही मागून घ्या. सोमवारी, २३ तारखेला, शाळेत रुजू झाले. पहिले दोन दिवस मुलांनाच एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला.

एक गोष्ट राहिली होती. बधिरतेचा अंमल गेल्यावरही हनुवटीच्या डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा सुन्नच होती. पाणी पिताना थेंब ओघळला तरी कळत नसे. टाके काढताना डॉक्टरीण बाईंनी डोळे मिटायला लावून कापसाच्या धाग्याने हनुवटीवर ठिकठिकाणी स्पर्श केला, जिथे मला कळले नाही तिथे त्वचेवर बारीक ठिपके दिले आणि ठिपक्यांचा तो आकार केसपेपरवर उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी, १३ मार्चला, पुन्हा तसेच केले, तेव्हा वर्तुळ अर्ध्याहून लहान झाले होते आणि कडेला मुंग्या येत होत्या. मुंग्या येणे हे नस सावरत असल्याचे चिन्ह, असे त्या म्हणाल्या. त्याच दिवशी शेजारच्या दाढेतली कीड साफ करून ती भरली, ४०० रुपये. कीड खोल होती, पण नसेपर्यंत पोहोचली नव्हती, म्हणून रूट कॅनाल टळले. नोव्हेंबरमध्येच आले असते तर ही भरणी कदाचित करावीच लागली नसती, असेही त्यांनी मी विचारल्यावर स्पष्टपणे सांगितले.

जानेवारीपासूनचा सगळा खर्च, प्रवास सोडून, ४,२९० रुपये झाला. गुढीपाडव्याच्या सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला चावताना तो पहिल्यांदाच डावीकडे सरकवला. नंतर तोंड धुतले तेव्हा हनुवटीवरून ओघळणारे पाणी गार लागले, संपूर्ण हनुवटीला. केसपेपरवर शेवटच्या पानावर पुढची तारीख लिहिलेली आहे: सहा महिन्यांनी वरच्या डाव्या दाढेची तपासणी. ती तारीख मी शाळेच्या दैनंदिनीत उतरवली आहे, आणि ओपीजी, स्कॅन व केसपेपर एका पिशवीत घालून कपाटात, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवले आहेत.